किचन ट्रॉलीचा आराखडा ग्राहकासोबत बसून कसा करावा

मापे घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा घरात शिरताच टेप आणि कॅटलॉग बाहेर काढतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "काकू, कलर कुठला ठेवायचा?" काकूंनाही वाटते की आपल्याला विचारले, आपले मत घेतले. मग तासभर चर्चा होते ती शटर, म्हणजे ट्रॉलीचे दार, मॅट असावे की ग्लॉसी याची. ओट्याखाली परात कुठे उभी राहणार, कुकर शिटीसकट बसणार की शिटी काढून ठेवावी लागणार, गव्हाचा डबा कोण आणि कसा ओढणार, हे कोणी विचारत नाही. ट्रॉल्या बसतात, रंग छान दिसतो, आणि महिनाभरात परात पुन्हा फ्रिजच्या मागे जाऊन उभी राहते.

किचन ट्रॉलीच्या धंद्यात अनेक वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की ग्राहकाला आराखड्यात सामील करून घेणे म्हणजे त्याच्यापुढे निवडीचा ढीग ओतणे नव्हे. ग्राहकाला त्याचे घर आणि त्याचे काम ठाऊक असते, आपल्याला यंत्र, माल आणि जोडणी ठाऊक असते. त्याच्याकडून त्याची माहिती घ्यावी आणि आपले निर्णय त्याच्या गळ्यात टाकू नयेत. पुढे लिहिलेली पद्धत ट्रॉल्या आणि मॉड्युलर किचन बनवणाऱ्या लहान कारखानदारांसाठी आहे. अभ्यासाचे टेबल, कपाट, दुकानातले काउंटर अशा मापाप्रमाणे बनणाऱ्या इतर वस्तूंनाही ती थोड्या फेरफाराने लागू पडते.

दोन जुनी उदाहरणे

आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याचे मूळ जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात आहे. तेथील नव्या वसाहतींसाठी १९२६ साली मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद स्त्रीने सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, आणि तशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. बाईंचे पाऊल किती वेळा कुठून कुठे पडते याचा हिशेब करून, रेल्वेच्या भोजनयानातील चिंचोळ्या स्वयंपाकघराचा अभ्यास करून ते आखलेले होते. पीठ, साखर, तांदूळ यांसाठी नाव कोरलेले ॲल्युमिनियमचे खण होते. इतकी मेहनत घेऊनही राहायला आलेल्या कुटुंबांच्या तक्रारी आल्या: दोन माणसांना एकत्र काम करता येत नाही, नावाच्या खणांत भलत्याच वस्तू ठेवाव्या लागतात, खालचे खण लहान मुलांच्या हाताला येतात. आपण ते स्वयंपाकघर आखण्यापूर्वी कधी घर चालवले नव्हते, असे त्या बाईंनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले होते. त्यांच्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु खणावर नाव कोरण्याआधी त्या खणात काय ठेवले जाणार हे घरातल्या माणसाला विचारायला हवे होते, हा धडा मला तेथूनच मिळाला.

दुसरे उदाहरण जपानचे आहे. मात्सुशिता समूहातील नॅशनल बायसिकल या कंपनीने १९८७ साली ग्राहकाच्या मापाची सायकल बनवून द्यायला सुरुवात केली. दुकानात एक मापाची चौकट असे, तिच्यावर ग्राहकाला बसवून माप घेत, रंग आणि हँडलचा प्रकार ठरवत आणि ती माहिती फॅक्सने कारखान्यात जाई. कागदावर एक कोटीहून अधिक प्रकारच्या सायकली शक्य होत्या. पण ग्राहकाला कोणी कोरा कागद देत नव्हते. सांगाड्याची रचना, जोड आणि सुटे भाग कंपनीने आधीच ठरवलेले होते आणि ग्राहकाची निवड त्या मर्यादेच्या आत होती. माप त्याच्या शरीराचे आणि रचना कारखान्याची, ही वाटणी ट्रॉलीच्या कामातही जशीच्या तशी उपयोगी पडते.

आधी घरी बसून काय बंद ठेवायचे ते ठरवावे

ग्राहकाकडे जाण्यापूर्वी आपल्या कारखान्याची एक यादी करावी. तिच्यात तीन प्रकार असावेत: जे कधीच बदलणार नाही, जे मापाप्रमाणे बदलेल, आणि जे ग्राहकाच्या पसंतीवर सोडले आहे.

पहिल्या प्रकारात सर्वप्रथम सुरक्षिततेच्या गोष्टी येतात. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवा खेळती राहील अशी जाळी हवीच, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो खाली साचतो. "जाळी दिसायला बरी दिसत नाही, शटर पूर्ण बंद द्या," असे सांगणारे ग्राहक भेटतात. येथे नम्रपणे, पण ठाम नकार द्यावा आणि कारण समजावून सांगावे. त्यानंतर यंत्राच्या गोष्टी येतात. खण ज्यावर सरकतो ते टेलिस्कोपिक चॅनेल ५० मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळते, त्यामुळे खणाची खोली त्या टप्प्यांतच ठेवावी लागते. बिजागरीच्या वाटीचे भोक ३५ मिलिमीटरचे असते. या बाबी ग्राहकापुढे निवड म्हणून मांडूच नयेत.

दुसऱ्या प्रकारातील गोष्टींचे गणित ग्राहकाला कळेल इतके सोपे करून ठेवावे. समजा १८ मिलिमीटर प्लायचा ६०० मिलिमीटर रुंदीचा बॉक्स आहे. दोन्ही बाजूंच्या फळ्या वजा जाता आत ५६४ मिलिमीटर उरतात. प्रत्येक बाजूच्या चॅनेलला साधारण साडेबारा मिलिमीटर जागा लागते. म्हणजे खणाची बाहेरची रुंदी ५३८ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि खणाच्या स्वतःच्या भिंती वजा केल्यावर भांड्यांसाठी त्याहूनही कमी. ग्राहकाच्या मनात "दोन फुटांची ट्रॉली" असते आणि हाती पावणेदोन फुटांच्याही आतली जागा येते. हे आधी सांगितले नाही तर बसवण्याच्या दिवशी वाद ठरलेला. मी एका कागदावर बॉक्सचा आडवा छेद काढून ठेवला आहे आणि तो प्रत्येक घरी दाखवतो. पाच मिनिटे लागतात, पण पुढचे दहा फोन वाचतात.

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत ग्रॅनाइटच्या ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा असतात आणि त्यांच्या मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या बसवायच्या असतात. गवंड्याने उभा केलेला कडप्पा क्वचितच समांतर असतो. गाळ्याची रुंदी समोर, मध्ये आणि मागे, तसेच वर आणि खाली अशी सगळीकडे मोजावी आणि सर्वांत कमी आलेले माप धरावे. मोजताना टेपचे दुसरे टोक ग्राहकाच्या हातात द्यावे. समोर १८ इंच आणि मागे साडेसतरा इंच हा फरक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की ट्रॉलीच्या कडेला फट का राहणार हे वेगळे समजावावे लागत नाही.

पहिली भेट: कॅटलॉग पिशवीतच ठेवावा

पहिल्या भेटीत माप, रंग, किंमत यांपैकी काहीही बोलू नये असे मी म्हणत नाही. लोकांना खर्चाचा अंदाज हवा असतो आणि तो द्यावा. परंतु भेटीचा मुख्य वेळ पाहण्यात आणि विचारण्यात घालवावा. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला चहा करायला सांगावा, किंवा जमल्यास पोळ्या चालू असताना जावे. पातेले कुठून काढले, साखरेच्या डब्यापर्यंत किती वेळा वळावे लागले, चिमटा हाताशी होता की शोधावा लागला, हे सगळे पाहून टिपून ठेवावे. प्रश्नाचे उत्तर देताना माणूस आपल्याला हवे ते सांगतो. काम करताना त्याचे हात खरे सांगतात.

त्यानंतर ओट्याखालचे सगळे सामान जमिनीवर काढायला सांगावे. पुष्कळ ठिकाणी याला आधी संकोच होतो, घर पसरलेले परक्याला कसे दाखवायचे असे वाटते. म्हणून फोनवर आधीच सांगून ठेवावे आणि एखादे जुने चादरीचे कापड सोबत न्यावे. सामान बाहेर आले की त्याचे तीन ढीग करायला सांगावे: रोज लागणारे, आठवड्यातून लागणारे, आणि सणावाराला लागणारे. हे ढीग ग्राहकानेच करावेत, आपण हात लावू नये.

एका घरी हे करत असताना सूनबाईंनी पुरणयंत्र सणाच्या ढिगात ठेवले. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "अगं, ते वर नको हं ठेवूस. मागच्या होळीला स्टुलावर चढले होते मी." सूनबाईंना हे माहीतच नव्हते, त्या वेळी त्या माहेरी होत्या. पुरणयंत्र, सोऱ्या आणि मोदकपात्र यांच्यासाठी मग आम्ही सर्वांत खालचा खोल खण ठेवला, आणि वरच्या कपाटात हलक्या प्लास्टिकच्या डब्यांची जागा केली. त्या घरात आम्ही दोघींना वेगवेगळे विचारले असते तर हा खण आराखड्यात आलाच नसता. पैसे देणारा, रोज रांधणारा आणि अधूनमधून रांधणारा अशी माणसे एका घरात वेगवेगळी असतात, आणि त्या सगळ्यांना एकदा तरी त्या चादरीभोवती बसवावे. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांनाही विचारावे. सिंकखाली कचऱ्याची बादली कोणत्या बाजूला हवी आणि घासलेली भांडी निथळायला किती जागा लागते हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही.

मग मापे घ्यावीत, पण भिंतींच्या आधी वस्तूंची. परातीचा व्यास, सर्वांत मोठ्या कुकरची शिटीसकट उंची, तेलाच्या बाटलीची उंची, सर्वांत उंच डब्याची झाकण उघडतानाची उंची. डब्याचे माप घेताना त्यात हात घालून वस्तू काढून दाखवायला सांगावे. डबा बसला पण हात शिरला नाही अशी ट्रॉली निरुपयोगी आहे. धान्याच्या ट्रॉलीसाठी वजनाचा हिशेब ग्राहकासमोर करावा. वीस किलो गहू, दहा किलो तांदूळ आणि डब्यांचे वजन धरले की ३५ किलोचा भार लिहिलेले चॅनेल काठावर येते. ज्या घरात वर्षाचे धान्य एकदम भरतात तेथे रोजच्यापुरते धान्य ट्रॉलीत आणि बाकीचे कोठीत, असा तोडगा बहुधा ग्राहकच सुचवतो. भरलेले १४.२ किलोचे सिलिंडर टाकीच्या वजनासह तीस किलोच्या घरात जाते, तेव्हा ते कोण आत ढकलणार हाही प्रश्न विचारावाच.

ओट्याची उंची बदलता येणार असेल तर ती स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावरून ठरवावी. सरळ उभे राहून हात काटकोनात वाकवला की कोपर जमिनीपासून किती उंच येते ते मोजावे आणि त्याखाली चार ते सहा इंचांवर ओट्याचा माथा धरावा. पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो आणि पोळपाटाचीही उंची असते, म्हणून लाटण्याची जागा त्याहून थोडी खाली असली तर खांदे भरून येत नाहीत. आमच्या काही ग्राहकांनी ओट्याखालून बाहेर ओढता येणारी लाटण्याची फळी मागितली, ती याच कारणाने.

खरी निवड कागदावर होत नाही

संगणकावर काढलेले त्रिमितीय चित्र ग्राहकाला खूश करते, पण त्यावर विसंबून आराखडा पक्का करू नये. त्या चित्रात स्वयंपाकघर असते त्याहून मोठे दिसते, उजेड सगळीकडे सारखा असतो आणि ओट्यावर दोन लिंबे व एक फुलदाणी एवढेच सामान असते. चित्र पाहून "छान आहे" म्हणणाऱ्या व्यक्तीने आराखड्यात भाग घेतला असे समजणे चूक आहे.

त्याऐवजी खऱ्या आकारात दाखवावे. रिकाम्या भिंतीवर किंवा कडप्प्यावर कागदी चिकटपट्टीने प्रत्येक खणाची चौकट आखावी आणि आत पेन्सिलीने लिहावे: चमचे, वाट्या, ताटे, कुकर. पूर्ण उघडलेला खण जमिनीवर किती पुढे येतो तेही चिकटपट्टीने दाखवावे. मग ग्राहकाला त्या जागेत वावरायला सांगावे. खण उघडा असताना मागून दुसरे माणूस जाऊ शकते का, फ्रिजचे दार आणि ट्रॉली एकमेकांना भिडतात का, हे लगेच कळते. लहान स्वयंपाकघरात हा प्रयोग अर्ध्या तासाचा असतो आणि बहुतेक ठिकाणी किमान एक खण जागा बदलतो.

याच्याही पुढे जाऊन मी पुठ्ठ्याचा एक खण करून नेतो. जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून नेमक्या आतल्या मापाची पेटी करायची, ती ओट्याखाली ठरलेल्या उंचीवर दोन डब्यांवर टेकवायची, आणि ग्राहकाला सांगायचे की आता यात तुमच्या वाट्या-पेले मांडा. एका काकूंनी तशा पेटीत मसाल्याचा डबा ठेवला, झाकण काढले आणि थांबल्या. झाकण ठेवायला जागाच नव्हती. रोज फोडणी देताना त्या झाकण ओट्यावर उलटे ठेवत असत, आणि नव्या आराखड्यात शेगडीच्या उजवीकडची ती वीतभर जागा आम्ही बाटल्यांच्या पुलआउटला, म्हणजे ओढून बाहेर काढायच्या अरुंद खणाला, दिली होती. त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवून सांगितले, "झाकण इथं पाहिजे." मसाल्याच्या डब्याशेजारी झाकणाएवढा मोकळा गोल कप्पा त्यातूनच आला. कोणत्याही कॅटलॉगात तो नव्हता. पुठ्ठ्याला खर्च जवळजवळ शून्य आहे आणि त्यावर लिहिता येते, कापता येते, फेकता येते, त्यामुळे ग्राहक बिनधास्त बोलतो. तयार झालेल्या वस्तूसमोर तोच माणूस भिडेने गप्प बसतो.

निर्णयांचा क्रम

जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरवावे. ओट्याची उंची, सिंक आणि शेगडीची जागा, विजेचे पॉइंट हे सर्वांत आधी; मग गाळे आणि खणांच्या उंची; मग कोणत्या गाळ्यात कोणती ट्रॉली; मग माल; आणि हँडल व रंग सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर दोन किंवा तीनच पर्याय ठेवावेत आणि प्रत्येक पर्यायाचा फायदा-तोटा त्या घराच्या संदर्भात सांगावा. "ही ताटांची ट्रॉली आहे" एवढे पुरेसे नाही. "तुमच्याकडे बारा ताटे आणि सहा डिश आहेत, ही घेतली तर सगळी उभी बसतील, पण परात बाहेर राहील" असे सांगावे.

मालाच्या बाबतीत ग्राहकाला निवड द्यायची तर आधी पूर्ण माहिती द्यावी लागते. स्टीलच्या ट्रॉलीत ३०४ आणि २०२ असे दोन दर्जे बाजारात प्रामुख्याने चालतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, म्हणून ते स्वस्त पडते आणि ओलाव्यात लवकर डागाळते. लोहचुंबक लावून दर्जा ओळखण्याची पद्धत येथे फसवी आहे, कारण दोन्ही प्रकारांना चुंबक जवळपास सारखाच चिकटत नाही. म्हणून दर्जा बिलावर लिहून द्यावा. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यासारख्या खाऱ्या हवेच्या ठिकाणी सिंकजवळच्या ट्रॉल्या तरी ३०४ च्या घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगतो, बाकीच्यांत ग्राहकाने हवी तशी बचत करावी. प्लायवुडमध्येही तसेच: आयएस ३०३ या भारतीय मानकाखालील एमआर (दमटपणा सोसणारे) आणि बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारे) आणि आयएस ७१० खालील मरीन यांतला फरक सांगून सिंकखालचा बॉक्स कशाचा आणि कोरड्या बाजूचा कशाचा हे ग्राहकासोबत ठरवावे. सगळीकडे सर्वांत महाग माल गळ्यात मारणे हा अप्रामाणिकपणा आहे.

रंगाचा नमुना दुकानातल्या प्रकाशात पसंत करू देऊ नये. किमान वहीच्या पानाएवढा तुकडा घरी दोन दिवस ठेवायला द्यावा. दिवसाच्या उजेडात आणि रात्री ट्यूबखाली तो वेगळा दिसतो. त्याच तुकड्याच्या एका कोपऱ्यावर तेलात कालवलेली हळद लावून रात्रभर ठेवायला आणि सकाळी पुसून पाहायला सांगावे. फिकट मॅट शटरचा हट्ट किती जणांचा या एका चाचणीने मावळला आहे. काहींनी डाग पाहूनही तोच रंग घेतला, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण मग पुढे तक्रार येत नाही.

प्रत्येक निवडीसोबत किंमत आणि दिवस त्याच वेळी सांगावेत. मऊ बंद होणारे चॅनेल घेतले तर इतके रुपये वाढतील, ठरलेल्या मापाबाहेरचा खण घेतला तर इतके दिवस वाढतील, असा तक्ता सोबत असावा. किंमत शेवटी एकदम सांगितली की ग्राहक घाबरून चांगल्या गोष्टी कापतो आणि दिखाऊ गोष्टी ठेवतो. प्रत्येक पायरीवर कळली तर तो स्वतःच तडजोड करतो, आणि ती तडजोड बहुधा शहाणपणाची असते.

सही, आणि सहीनंतरचे काम

आराखडा मराठीत लिहिलेला असावा, त्यावर प्रत्येक खणाचे आतले माप आणि त्यात काय ठेवणार हे दोन्ही असावे. मापे मिलिमीटरमध्ये लिहावीत आणि ग्राहकाच्या सोयीसाठी शेजारी इंच द्यावेत, पण कारखान्यात जाणाऱ्या कागदावर फक्त मिलिमीटरच ठेवावेत. सुरुवातीच्या काळात मी दोन्ही लिहिलेला कागद तसाच कटिंगला दिला होता. एका ठिकाणी इंचातले माप सेंटिमीटर समजून कापले गेले आणि ते पूर्ण शटर वाया गेले. चूक माझी होती आणि नुकसानही मीच सोसले, पण ग्राहकाचे आठ दिवस गेले ते परत देता आले नाहीत.

सही रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचीही घ्यावी, केवळ पैसे देणाऱ्याची नव्हे. सही झाल्यावर तीन दिवस विचाराला द्यावेत आणि कोणत्या तारखेला पॅनेल कापायला जाणार ते लिहून द्यावे. त्या तारखेपर्यंतचे बदल विनामूल्य करावेत. त्यानंतरच्या बदलाचा खर्च किती हे आधीच कागदावर असावे. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून पॅनेल कसे कापायचे याची मांडणी एकदा झाली की एका खणाची रुंदी बदलली तरी पूर्ण शीट पुन्हा मांडावी लागते, आणि प्रत्येक कापाला करवतीच्या पात्याइतका, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटर, माल जातो. हे सांगितले की "एवढंसं तर वाढवायचंय" हे वाक्य ग्राहक पुन्हा म्हणत नाही.

कारखान्यातल्या माणसापर्यंत ग्राहकाचे कारण पोचले पाहिजे. आमच्या जॉबकार्डावर मापाशेजारी एक "का" असा रकाना आहे. त्यात "बाई डावखुऱ्या, चमच्यांचा खण शेगडीच्या डावीकडे" किंवा "आजींना वाकता येत नाही, खालच्या खणाला लांब हँडल" असे लिहिलेले असते. कारण माहीत असलेला कारागीर चूक स्वतःच पकडतो. एकदा आरेखनात हँडल चुकून आडवे दाखवले होते. सुताराने रकाना वाचून फोन केला आणि पॅनेलला भोक पडायच्या आत दुरुस्ती झाली. प्रत्येक पॅनेलच्या मागे काम क्रमांक, गाळा क्रमांक आणि वरची बाजू दाखवणारे लेबल चिकटवावे. दहा घरांचे सारखे दिसणारे पॅनेल एकाच टेम्पोत जातात तेव्हा त्याची किंमत कळते.

बसवण्याच्या दिवशी ग्राहकानेच सामान लावावे आणि आपण शेजारी उभे राहून तारा, कप्पे आणि चॅनेल जुळवून द्यावेत. आणि तीन महिन्यांनी परत जावे. ही भेट बहुतेक कारखानदार टाळतात, कारण तक्रारी निघतील अशी भीती असते. तक्रारी निघतातच: एखादे चॅनेल सैल झालेले असते, एखादे शटर घासत असते, आणि ते दुरुस्त करून द्यावे. पण तेवढ्यासाठी ही भेट नसते. सही केलेला आराखडा हातात घेऊन प्रत्येक खण उघडावा आणि कागदावर लिहिलेले सामान त्यात आहे का ते पाहावे. वाट्यांच्या खणात औषधे आली असतील, बाटल्यांच्या पुलआउटमध्ये लाटणे आणि उलथने उभे असेल, तर का ते विचारावे आणि कागदावर लाल पेनाने लिहावे.

हे लाल लिहिलेले कागद वर्षातून एकदा एकत्र पसरून बघावेत. तीच दुरुस्ती चार-पाच घरांत दिसली तर ती आपल्या नेहमीच्या मापांत घालावी. ओढून काढायची लाटण्याची फळी आधी दोन-तीन घरांपुरती होती. आज ती आमच्या दरपत्रकात ठरलेल्या किमतीची वस्तू आहे, आणि मसाल्याच्या डब्याशेजारचा झाकणाचा कप्पा आम्ही न विचारताच देतो. ज्या काकूंनी तो सांगितला त्यांच्या घरी पुढे दुसऱ्या कामासाठी गेलो तेव्हा नव्या खणाचा नमुना त्यांना दाखवायला सोबत नेला होता. त्यांनी झाकण त्यात ठेवून पाहिले, आणि कप्पा अर्धा इंच उथळ करा म्हणून सांगितले, बोटांना झाकणाची कड धरता आली पाहिजे म्हणून. तो बदल पुढच्याच आठवड्यात मापांत गेला.